वारीचं उरलेलं रॉकेल पुढच्या आषाढीपर्यंत कसं ठेवायचं?



ज्येष्ठ महिना लागला की आपल्या खेड तालुक्यातल्या आणि पिंपरी-चिंचवडच्या कडेच्या गावांतल्या बचतगटांना दुसरं काही सुचत नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबारायांची पालखी निघते, दुसऱ्या दिवशी अष्टमीला आळंदीतून माउलींची. कुणी मुक्कामाच्या ठिकाणी चपात्या लाटायचं काम घेतं, कुणी लाडू-चिवडा करून देतं, आणि आमच्या भागातल्या काही गटांच्या बाया तर दिंडीच्या ट्रकबरोबर थेट पंढरपूरपर्यंत स्वयंपाकाला जातात. ट्रकमध्ये तंबू, सतरंज्या, पातेली, शेगड्या, गॅसच्या टाक्या, बत्त्या, रॉकेलचा कॅन, आणि जनरेटर असला तर त्याचं पेट्रोल. आषाढी एकादशी झाली की ट्रक माघारी येतो. पातेली घासून ठेवतो, सतरंज्या धुऊन वाळवतो, हिशेब वहीत लिहितो, मजुरी वाटून घेतो. उरलेल्या इंधनाचा मात्र कुणी विचार करत नाही. पुढची वारी अकरा महिन्यांनी. तोवर ते कुठं ठेवायचं, कशात ठेवायचं, टिकतं का, कुणाच्या घरी?

आम्हीही हा विचार केला नव्हता. म्हणून आधी आमचीच चूक सांगतो, मग बाकीचं बोलू.

एका वर्षी ट्रक परत आला तेव्हा कॅनमध्ये सात-आठ लिटर रॉकेल उरलं होतं. पाऊस चालू, लाइटचा भरवसा नाही, गुरुवार आला की तासन् तास लाइट गायब. म्हटलं, वाया कशाला घालवायचं? ज्यांना हवं त्यांनी न्यावं. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, नरसाळं लावलं आणि आम्हीच, म्हणजे समन्वयक म्हणून पुढं होऊन, बाटल्या भरून दिल्या. एका ताईंनी बाटली घरी नेऊन कॉटखाली ठेवली. पत्र्याची एकच खोली, दुसरी जागा तरी कुठं? चार दिवसांनी त्यांचं दोन वर्षांचं लेकरू खेळता खेळता कॉटखाली शिरलं. ओळखीची बाटली. त्यानं तोंडाला लावली. घरच्यांनी घाबरून त्याला मिठाचं पाणी पाजून उलटी करवली. करू नये ते नेमकं हेच. पुढचे काही दिवस ते पोर दवाखान्यात होतं, छाती भरलेली, नाकाला नळी. देवाच्या दयेनं वाचलं. पण त्या ताईंना घरात जे ऐकावं लागलं ते आम्ही ऐकलंय. त्या पुढचे दोन महिने बैठकीला आल्या नाहीत. आणि बाटली भरून दिली होती आम्ही.

त्यानंतर गटात ठरलं की याची नीट माहिती घ्यायची आणि सगळ्यांना सांगायची. तीच आज तुमच्यासमोर ठेवतो.

रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट आणि गॅस : चौघांचे चार स्वभाव

आपण सगळ्याला सरसकट इंधन म्हणतो. पण ठेवण्याच्या दृष्टीनं प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

रॉकेल, म्हणजे आपल्या आजीचं घासलेट, तसं सावकाश पेटणारं. काडी नुसती जवळ नेली तर थंड रॉकेल लगेच भडकत नाही, कारण जळते ती त्याची वाफ. रॉकेलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघायला ते साधारण पस्तीस ते चाळीस अंशांपर्यंत तापावं लागतं. पेट्रोलचं तसं नाही. पेट्रोलची वाफ बर्फ पडण्याइतक्या थंडीतही निघत असते. त्यामुळं पेट्रोल कधीच ‘थंड आहे, काही होत नाही’ असं नसतं. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि दहा-पंधरा फुटांवरच्या चुलीपाशी पोचून तिथून पेट घेऊ शकते.

आता आपल्याकडचा उन्हाळा बघा. एप्रिल-मेमध्ये चाकणच्या बाजूला वरती पत्रा असलेल्या खोलीत दुपारी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. चाळीसच्या पुढं उकडतं. म्हणजे जे रॉकेल पावसाळ्यात आळशी होतं, तेच मे महिन्यात पत्र्याखालच्या फळीवर पेट घ्यायला तयार होऊन बसतं. आषाढात ठेवलेलं इंधन पुढच्या आषाढापर्यंत ठेवायचं म्हणजे मधला हा उन्हाळा त्याला काढावा लागणार. जागा निवडताना हे लक्षात धरायचं.

गॅसबत्ती पेटवताना आधी तापवायला लागतं ते स्पिरिट. ते थोडंच लागतं, पण दिवसाउजेडी त्याची ज्वाळा दिसतसुद्धा नाही. विझलं समजून बाटलीतून पुन्हा ओतायला जातात आणि हात भाजतो. स्पिरिटची बाटली लहानच घ्यावी, बूच घट्ट असावं आणि वारी संपताना ती संपेल असाच अंदाज ठेवावा.

चौथा गॅस. तो टाकीत द्रवरूपात दाबून भरलेला असतो. बाहेर सुटला की फुगून सुमारे अडीचशे पट होतो आणि तोही हवेपेक्षा जड, खालीच साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो, आपल्याला कळावं म्हणून मुद्दाम घाण वास मिसळलेला असतो.

टिकतं किती?

गॅस खराब होत नाही. टाकी चांगली असेल तर आतला गॅस वर्षभरानंही तसाच जळतो. खराब होतात त्या त्याच्या भोवतीच्या वस्तू : रबरी नळी, वॉशर, रेग्युलेटर, टाकीचा व्हॉल्व्ह.

रॉकेल स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवलं तर वर्षभर सहज टिकतं. त्याला बिघडवतात तिघं : पाणी, ऊन आणि घाण. अर्धा रिकामा डबा ठेवला की वरच्या मोकळ्या जागेत हवा राहते. दिवसा तापते, रात्री गार होते आणि हवेतल्या ओलाव्याचे थेंब डब्याच्या आतल्या बाजूला जमून खाली उतरतात. रॉकेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी तळाला बसतं. पत्र्याचा डबा तिथं आतून गंजतो. शिवाय पाणी आणि रॉकेल जिथं मिळतं त्या थरात बुरशीसारखी बुळबुळीत घाण वाढते. असं रॉकेल स्टोव्हमध्ये घातलं की वात तडतडते, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि पंपाच्या स्टोव्हची पिन सारखी चोंदते. मग आपण स्टोव्हला शिव्या घालतो.

पेट्रोलचं आयुष्य सगळ्यात कमी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. काही महिन्यांत त्याचा जोर कमी होतो, तळाला चिकट साका धरतो आणि जनरेटर सुरू होईना होतो. अकरा महिने पेट्रोल ठेवण्यात काहीच अर्थ नाही. वारीहून आल्यावर उरलेलं पेट्रोल कुणाच्या तरी गाडीत घालावं आणि त्याचे पैसे गटाच्या खात्यात जमा करावेत. जनरेटरची टाकीही रिकामी करून, उरलंसुरलं इंजिन चालवून संपवून मगच तो झाकून ठेवावा.

कशात ठेवायचं?

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

पहिली चूक आम्ही केलेली : पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली. एक तर ती पातळ असते. दुसरं म्हणजे लेकराला बाटलीतलं काय ते कळत नाही, त्याला बाटली कळते. मोठी माणसंही अंधारात पाणी समजून घोट घेतात. स्वयंपाकाचं तेल, फिनेल, रॉकेल, काहीच खाण्यापिण्याच्या बाटलीत अदलाबदल करून ठेवायचं नाही. एवढी एक गोष्ट आजच्या बोलण्यातून घरी नेली तरी आम्हाला पुष्कळ आहे.

दुसरी चूक आपल्या भागाची खास आहे. आपल्याकडं कारखाने. भोसरी, तळवडे, चिखली, चाकण, महाळुंगे, निघोजे, जिकडं जावं तिकडं भंगारात निळे-पांढरे प्लास्टिकचे कॅन मिळतात. पन्नास-शंभर रुपयांत दणकट कॅन, कोण सोडेल? पण त्यात आधी काय होतं? थिनर, पेंट धुवायचं द्रावण, ॲसिड, गोंद, काय सांगावं. धुतला तरी आतल्या प्लास्टिकला ते धरून राहतं. रॉकेलात थोडं थिनर किंवा पेट्रोल मिसळलं गेलं तरी त्याचा आळशी स्वभाव जातो आणि ते लवकर भडकायला लागतं. पंपाच्या स्टोव्हमध्ये असं मिसळलेलं रॉकेल गेलं तर भडका उडतो. ‘स्टोव्हचा भडका’ म्हणून आपण ज्या बातम्या ऐकत आलो, त्यातल्या सगळ्याच काही स्टोव्हच्या चुकीच्या नसतात. केमिकलचा जुना कॅन रॉकेलला नाही, आणि पाण्याला तर मुळीच नाही.

मग काय वापरायचं? रॉकेलसाठी पाच किंवा दहा लिटरचा, फिरकीच्या झाकणाचा पत्र्याचा नवा डबा, किंवा रॉकेलसाठीच बनवलेला जाड भिंतीचा कॅन. झाकणाच्या आत वॉशर असलं पाहिजे. भरून आडवा करून बघायचा, थेंबसुद्धा झिरपता कामा नये. गोडेतेलाचा वरून कापलेला डबा चालत नाही, त्याला झाकण बसत नाही. डबा जवळपास भरलेला ठेवायचा म्हणजे आत हवा आणि ओलावा कमी राहतो. पण काठोकाठ नाही. उन्हाळ्यात रॉकेल फुगतं, म्हणून दहा लिटरच्या डब्यात नऊ लिटर असा हिशेब ठेवा. तीन डबे अर्धे अर्धे ठेवण्यापेक्षा एक-दोन डबे नीट भरून ठेवणं चांगलं.

पेट्रोलबद्दल तर कायदाच आहे. १९३४ चा पेट्रोलियम कायदा सांगतो की विकायचं नसेल तर माणसाला परवान्याशिवाय जास्तीत जास्त तीस लिटर पेट्रोल जवळ ठेवता येतं. तेही घट्ट बुचाच्या भांड्यात. भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंतचं, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंतचं. त्या यादीत प्लास्टिकचं नाव नाही. रॉकेलसाठी मर्यादा पुष्कळ सैल आहे, कारण ते कमी धोक्याच्या वर्गात धरलं जातं. पण कायद्यानं चालतं म्हणून खोलीत दोन पिंपं भरून ठेवायची असं नव्हे.

डब्यावर चिकटपट्टी लावून तीन गोष्टी लिहा : काय आहे, किती लिटर, कोणत्या महिन्यात भरलं. लिहिता येत नसेल त्या ताईंसाठी लाल रंगाची फुली मारा. आधी भरलेलं आधी वापरायचं. जुन्यावर नवं ओतत राहिलं तर तळाचा साका कधीच बाहेर येत नाही.

कुठं ठेवायचं?

एकाच खोलीत चूल, कॉट, टीव्ही आणि देवघर असणाऱ्या बायांना ‘घरापासून लांब ठेवा’ असं सांगणं सोपं आहे. आम्हालाही ते कळतं. म्हणून आमच्या गटानं ठरवलं की वारीचं इंधन कुणाच्याच राहत्या खोलीत ठेवायचं नाही. एका ताईंच्या शेतात दगडी भिंतीची, कौलारू अशी जुनी कोठी होती. गोठा आणि कडब्याची गंज तिथून लांब. ती झाडून घेतली, दाराला कुलूप लावलं, एक किल्ली त्यांच्याकडं आणि एक गटाच्या अध्यक्षांकडं.

जागा बघताना आम्ही या गोष्टी पाहिल्या. भिंतीला खालीही झरोका हवा आणि वरही, कारण वाफ खाली साचते. आत विजेचं बटण, मोटारीचा स्टार्टर, इन्व्हर्टर यांतलं काही नको, ठिणगी तिथंच पडते. ऊन थेट येता कामा नये. माळ्यावर ठेवायचं नाही, वर सगळ्यात जास्त तापतं आणि उतरवताना सांडतं. डबा जमिनीवर टेकवून न ठेवता फळीवर किंवा दोन विटांवर ठेवायचा, म्हणजे तळ गंजत नाही आणि गळलं तर लगेच दिसतं. जवळ वाळूची एक बादली. रॉकेलच्या आगीवर पाणी टाकलं तर पेटतं रॉकेल पाण्यावर तरंगून पसरतं. वाळू, माती किंवा ओलं गोणपाट टाकून ते गुदमरवायचं असतं.

ज्यांना घरातच एखादा डबा ठेवावा लागतो त्यांनी निदान इतकं करावं : पाच लिटरच्या वर नाही, चुलीच्या समोरच्या भिंतीला, लेकरांचा हात पोचणार नाही अशा कुलपाच्या पेटीत, आणि देवासमोरच्या दिव्यापासून लांब.

गॅसची टाकी अकरा महिने ठेवताना

आता बहुतेक दिंड्या गॅसवरच स्वयंपाक करतात. लहान पाच किलोच्या टाक्याही पुष्कळ दिसतात. बाहेरगावहून आलेल्या कामगारांच्या खोल्यांतही त्याच असतात. कंपनीची पाच किलोची टाकी एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर ओळखपत्र दाखवून मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. तेव्हा दुकानाच्या मागं चोरून भरून मिळणाऱ्या बिननावाच्या टाकीच्या वाटेला जायचं कारण नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच शहरात ताथवड्याला टँकरमधून टाक्यांत चोरून गॅस भरताना आग लागली आणि एकामागून एक स्फोट झाले, ते पुष्कळ जणींना आठवत असेल. कुणी मेलं नाही हे नशीब.

टाकी ठेवताना रेग्युलेटर काढा, दोरीला लटकणारं प्लास्टिकचं टोपण दाबून बसवा. ते टोपण फेकून देऊ नका, व्हॉल्व्ह गळायला लागला तर तेच गॅस अडवतं. टाकी उभीच ठेवा, कधीही आडवी नाही. खड्ड्यात, तळघरात, बंद पेटीत नाही. रॉकेलच्या डब्याशेजारी नाही. ठेवण्याआधी आणि पुन्हा वारीला काढताना व्हॉल्व्हवर साबणाचा फेस लावून बघा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधी बघू नका.

टाकीच्या हँडलखाली ज्या उभ्या पट्ट्या असतात त्यांतल्या एकीवर आतून एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडे म्हणजे वर्ष. बी २८ लिहिलं असेल तर ती टाकी जून २०२८ पर्यंत वापरायची, पुढं तिची पुन्हा तपासणी झाली पाहिजे. ठेवून द्यायची टाकी घेताना ही तारीख बघा. नाहीतर पुढच्या आषाढीला काढाल तेव्हा मुदत उलटलेली असेल. नळीवरही वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षांनी ती बदलायची. उंदरांनी कुरतडली नाही ना तेही बघायचं.

गॅसचा वास आला तर बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, दोन्हींत ठिणगी पडते. दारं-खिडक्या उघडा, जाळ विझवा, रेग्युलेटर बंद करून टोपण लावा, लेकरांना बाहेर काढा आणि १९०६ ला फोन करा.

पवना धरणाच्या काठी तंबूंच्या मुक्कामाचं काम करणाऱ्या बायांसाठी एक वेगळी सूचना. तिथं छोट्या स्टोव्हचे गॅसचे पत्र्याचे डबे असतात. ते उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, रिकामे झाले म्हणून शेकोटीत टाकू नका, आणि पावसाला घाबरून बंद तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नका. आतली हवा विषारी होते आणि झोपेतल्या माणसाला ते कळत नाही.

बत्ती आणि स्टोव्ह ठेवण्याआधी

इंधन पोटात ठेवून बत्ती किंवा स्टोव्ह माळ्यावर टाकायचा नाही. आधी थंड होऊ द्या. पंपाच्या स्टोव्हची आणि गॅसबत्तीची चावी सैल करून आतली हवा सोडा, मग रॉकेल डब्यात काढून घ्या. तळाचं शेवटचं पेलाभर गढूळ असतं, ते डब्यात परत घालू नका. टाकी कोरड्या फडक्यानं पुसून उघडी करून वाळू द्या. पंपाचं चामड्याचं वॉशर सुकून आकसतं, त्याला तेलाचं बोट लावा. वातीच्या स्टोव्हच्या वाती काढून वाळवा, करपलेलं टोक कापा. कंदिलाची काच कागदात गुंडाळा. गॅसबत्तीची जळलेली जाळी हात लावताच भुगा होते. तो भुगा फुंकू नका, नाकात जाऊ देऊ नका, कागदात पुडी करून टाका.

वर्षभरानं रॉकेल काढाल तेव्हा आधी काचेच्या बरणीत थोडं घेऊन दहा मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी आहे. डबा न हलवता वरचं वरचं रॉकेल काढून घ्या आणि दाट फडक्यातून गाळा. रंग काळपट झाला असेल, आंबट वास येत असेल, तर ते पंपाच्या स्टोव्हमध्ये घालू नका. आणि ओढ्यात, गटारात, विहिरीच्या आसपास तर ओतूच नका. इंद्रायणीत आधीच काय कमी घाण आहे?

आधी हिशेब, मग खरेदी

खरं सांगायचं तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे उरूच न देणं. आमच्या वहीतला हिशेब सांगतो. मोठी गॅसबत्ती साधारण एक लिटरमध्ये सात-आठ तास जळते. वीस मुक्काम, रोज तीन तास, म्हणजे साठ तास. एका बत्तीला आठ-साडेआठ लिटर. दोन बत्त्यांना सतरा. आम्ही ‘असू द्यावं जवळ’ म्हणून पंचवीस लिटर घेत होतो. त्या ‘असू द्यावं’मधूनच ती बाटली त्या कॉटखाली गेली. आता आम्ही एक बत्ती कमी केली, तिच्या जागी चार्जिंगचे दोन दिवे घेतले. त्यांनाही सांभाळ लागतो. तीन महिन्यांतून एकदा चार्ज केले नाहीत तर बॅटरी मरते. पण लेकरू त्यांना तोंड लावून आजारी पडत नाही.

अपघात झालाच तर

लेकरानं किंवा कुणी रॉकेल प्यायलं तर उलटी करवायची नाही. हे पुन्हा सांगतो, उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी नाही, घशात बोट नाही, दूध-तूप पाजायचं नाही. रॉकेल पोटात गेल्यापेक्षा फुप्फुसात गेलं तर जास्त घात होतो, आणि उलटी होताना ते श्वासनलिकेत उतरतं. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबण-पाण्यानं धुवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं मोठ्या दवाखान्यात न्या, बाटली सोबत घ्या. लेकरू लगेच खेळायला लागलं तरी घरी ठेवू नका. खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होते.

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावायचं नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा

८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात केकवरच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या लहानशा शेडमध्ये आग लागली आणि कामावरच्या बाया गेल्या. त्या आपल्यासारख्याच होत्या, महिन्याच्या पगाराचा हिशेब करून घराबाहेर पडलेल्या. जिथं पेट घेणारी वस्तू साठवलेली असते तिथं काम करायला, राहायला, झोपायला बहुतेक वेळा आपणच असतो. म्हणून ही माहिती पुरुषमंडळींच्या भरवशावर सोडून चालणार नाही.

पुढच्या मासिक बैठकीत कर्जाचा विषय झाला की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं सांगायचं : घरात रॉकेल, पेट्रोल, थिनर, स्पिरिट काय आहे, कशात आहे, कुठं आहे. कुणाला लाजवायचं नाही. पाण्याच्या बाटलीत असेल तर त्याच दिवशी डब्यात काढायचं आणि बाटली कापून टाकायची. गटाचं इंधन असेल तर वहीत एक पान करा : तारीख, लिटर, किल्ली कुणाकडं, आणि मार्च महिना, म्हणजे उन्हाळ्याआधी डबा तपासायचा महिना.

आमच्या त्या ताई आता बैठकीला येतात. ते पान त्याच लिहितात, आणि वारीहून ट्रक आला की नरसाळं त्यांच्याच हातात असतं. लेकरू अंगणवाडीत जातं.